गावाबाहेरचं पाणथळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेच्या काठी, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांच्या हद्दीजवळ आमच्या शिवारात एक पाणथळ आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराब, म्हणजे पिकाला न लागणारी जमीन, अशी, गावात कुणी त्याला दलदल म्हणतं, कुणी नुसतंच 'खालचं रान'. गेली चौदा वर्षं मी जमेल त्या सकाळी तिथं जाऊन उभा राहतो. लोक फोन करून, वाटेत गाठून तेच तेच प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवेत. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

नेमकं ठिकाण कुठं? लोकेशन पाठवाल का?

लोकेशन मी देत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी इथल्या कमळपक्ष्याच्या घरट्याचा एक फोटो मोबाईलवरून फिरला. पुढच्या रविवारी सात-आठ जण कॅमेरे घेऊन मांडीएवढ्या पाण्यात उतरले. अंड्यांवर बसलेला नर उठला तो दुपारपर्यंत परत बसलाच नाही. चार अंडी होती, एकातूनही पिल्लू आलं नाही. तेव्हापासून ओळखीच्या माणसाला सोबत नेतो, पत्ता मात्र कुणाला देत नाही.

परिसर कळायला मात्र हरकत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथून पुढं पंचगंगा. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कोल्हापूर सोडल्यावर जमीन सपाट होत जाते, नदीला घाई उरत नाही, ती वळणं घेत चालते. जुन्या वळणांजवळ आणि ओढ्यांच्या तोंडाशी जे सखल तुकडे राहतात, तिथं पुराचं पाणी बसतं आणि सावकाश आटतं. आमचं पाणथळ असंच एक. तुमच्या गावाच्या खालच्या अंगालाही असं एखादं असेल, आधी तिथं जाऊन बघा. शहरात राहणाऱ्यांना रंकाळा, कळंबा आणि विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव आहेच.

तळं आणि पाणथळ यांत फरक काय?

खोलीचा. तळ्यात काठ सोडला की पाणी खोल जातं. पाणथळात तुम्ही बराच वेळ चालत राहता आणि पाणी घोट्यावरून नडगीवर, नडगीवरून गुडघ्यावर येतं. तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणून तळातून झाडोरा उगवतो. झाडोऱ्यात किडे आणि गोगलगायी, त्यांच्यामागं मासे-बेडूक, त्यांच्यामागं बगळे आणि साप. पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं, त्यामुळं काठही जागा बदलत राहतो. ऑगस्टमधला काठ बांधाला लागलेला असतो, एप्रिलमधला पार मधोमध. या सरकत्या काठावरच सगळा जीव गोळा होतो. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीवर येऊन थांबतील.

कधी यावं?

लोक जानेवारी म्हणतात. चूक नाही, पण पाणथळ बारा महिने बघण्यासारखं असतं आणि दर दोन महिन्यांनी ते वेगळंच दिसतं.

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे या. मोठ्या बेडकांचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे फुगे गडद निळे. एरवी मातकट हिरवा असणारा हा प्राणी असा रंग घेतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. ओरडणं इतकं असतं की शेजारी उभ्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. हा सोहळा फार दिवस टिकत नाही. एके काळी या बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ साली ती निर्यात बंद झाली, आणि आपल्या भातखाचरांनी त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हवेत.

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो येऊ नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा असतो आणि ४३ फुटांवर धोका, पण आमची पाणंद त्याच्या आधीच बुडते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे पाणथळ नदीचाच भाग झालं होतं. उघडीप मिळाली तर मात्र बांधावरून बघायला पुष्कळ असतं. बाभळीच्या फांद्यांवर सुगरणींची घरटी लोंबत असतात. गवतातून लाजरी पाणकोंबडी 'कुवाक् कुवाक्' करत कधी कधी रात्र काढते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा माझा आवडता काळ. ऊन पडतं, पाणी निवळतं आणि हवेत चतुर भरून जातात. त्यांतला एक पिवळसर चतुर, थव्यानं घिरट्या घालणारा, याच सुमारास भारतातून निघून मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडं जातो. बोटाएवढा किडा. आमच्या बांधावर दिसणारे तेच पुढं जातात की नाही हे मला सांगता येणार नाही, पण जात तीच आहे. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात, नदीचं पाणी अडतं आणि आमच्या खालच्या रानातली ओल त्यामुळं आणखी काही महिने टिकते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्यांचा हंगाम. साखर कारखाने पेटलेले असतात, गुऱ्हाळाच्या काहिलीचा वास पार पाण्यावर येतो, वाटेवर ऊसतोडीच्या खोपटी उभ्या राहतात. याच दिवसांत मध्य आशियातून, सैबेरियाकडून बदकं, धोबी, तुतवार उतरतात.

मार्च ते मे या महिन्यांबद्दल शेवटी बोलतो, त्याला वेगळी जागा हवी.

हमखास कोणते पक्षी दिसतात?

पक्ष्यांची यादी पाठ करू नका, पाण्याची खोली बघा. कुठला पक्षी कुठं उभा असेल हे पाण्याच्या खोलीवरून बरंचसं आधीच सांगता येतं.

चिखल नुकताच उघडा पडलेला, पाऊल बुडेल न बुडेल एवढंच पाणी असेल, तिथं शेपूट हलवत धावणारा धोबी आणि सारखे मागचे अंग झुलवणारे तुतवार. टिटवी त्याच्याही वर, कोरड्यात. घोटाभर ते नडगीभर पाण्यात शेकाट्या, काळे-पांढरे अंग आणि गुलाबी काड्यांसारखे पाय. भुरा बगळा म्हणजे आपला ढोकरी इथंच पाठ वाकवून तासभर दगडासारखा बसतो. उडाल्यावर एकदम पांढरे पंख उघडतात आणि 'हा कुठला आला' असं वाटतं. गुडघाभर पाण्यात मोठे बगळे, राखी आणि जांभळा. उघड्या चोचीचा करकोचाही इथंच. त्याच्या चोचीच्या दोन्ही पाती मिटल्या तरी मध्ये फट राहते, आणि तीच चोच शंखातल्या गोगलगायी काढायला उपयोगी पडते. त्याच्याभोवतीच्या चिखलात रिकामे शंख पडलेले दिसतील.

जिथं तरंगती पानं दाट आहेत तिथं कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी. कमरेच्या वर पाणी गेलं की वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, हिवाळ्यात थापट्या. वारकरी काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा, नाव किती शोभतं बघा. हळदी-कुंकवाचंही तसंच, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. ही नावं ज्यांनी ठेवली ते बघणारे लोक होते. पाणकावळा सगळ्यात खोलात बुडी मारतो आणि मग खुंटावर पंख पसरून वाळवत बसतो, कारण त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत.

वर आकाशाकडंही लक्ष ठेवा. हिवाळ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसाच्या शेंड्यांवरून अगदी खालून तरंगत जातो. तो दिसायच्या आधी वारकऱ्यांची गर्दी दिसते. विखुरलेले पक्षी अचानक एकमेकांना चिकटून गठ्ठा करतात.

तो पाण्यावर चालणारा पक्षी कोणता?

कमळपक्षी. पाण्यावर नाही, पानांवर चालतो. बोटं आणि नखं इतकी लांब की अंगाचा भार सगळ्या पानावर पसरतो. आमच्याकडं दोन जाती आहेत. एकाच्या पंखांवर काशाच्या भांड्यासारखी झळाळी असते. दुसऱ्याला विणीच्या दिवसांत लांब काळी शेपटी फुटते, मानेमागं सोनेरी पट्टा येतो.

त्यांचा संसार आपल्या सवयीच्या उलटा. मादी आकारानं मोठी, ती आपला इलाखा राखते आणि एकाहून जास्त नरांबरोबर जोडी जमवते. अंडी घालून ती मोकळी होते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडं. धोका दिसला तर काशपंखी कमळपक्ष्याचा नर पिल्लांना पंखाखाली दाबून उचलून नेतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बगलांतून पिल्लांचे इवले पाय लोंबताना दिसतात. हे मी एकदाच बघितलं आहे. त्या दिवशी दुर्बीण खाली ठेवावीशी वाटली नाही.

म्हणूनच घरट्यावरच्या नराला उठवणं इतकं वाईट. त्याच्या बदल्यात बसणारं दुसरं कुणी नसतं.

पक्षी ओळखता येत नाहीत. तरी यावं का?

जरूर यावं. मला पहिली तीन वर्षं बगळा आणि बदक यापलीकडं काही कळत नव्हतं. मी केवळ सकाळ बघायला जायचो.

डिसेंबरात उजाडायच्या आधी पोचलात तर पाणी दिसतच नाही. त्याच्या जागी धुक्याचा एक सपाट थर असतो आणि त्यातून पाणकणसाची तपकिरी कणसं वर आलेली. आधी आवाज येतात, टिबुकलीचं खिदळणं, पाणकोंबड्यांची कुरकुर, लांब गावातल्या देवळाची घंटा. मग पूर्वेला उसाच्या तुऱ्यांवर उजेड पडतो, तुरे चांदीसारखे होतात. धुकं हळूहळू विरतं आणि उत्तरेला लांबवर बाहुबलीचा डोंगर उमटतो. पाण्यात त्याची सावली पडत नाही, तो फार दूर आहे, पण आकाश पडतं. तासाभरानं म्हशी येतात, त्यांच्या पाठीवर गायबगळे, आणि कामाचा दिवस सुरू होतो.

पाणकणसाकडं नीट बघा. पिकलेलं कणीस बोटानं दाबलं तर कापसासारखी म्हातारी सुटते, एका कणसातून लाखभर तरी बिया. वाळुंजाची झाडं ओढ्याच्या कडेनं उभी आहेत, मुळं पाण्यात आणि फांद्यांवर पाणकावळे. लव्हाळ्यात वाऱ्याचा आवाज उसापेक्षा वेगळा येतो, मऊ.

साप असतात का?

असतात. सगळ्यात जास्त दिसतो तो विरोळा, म्हणजे पाणदिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. बिनविषारी आहे, पण चिडका, पकडायला गेलात तर कडाडून चावतो. त्याचं खाणं बेडूक आणि मासे. बांधावर, पाचटात, उंदरांच्या बिळांपाशी नाग आणि घोणस असू शकतात. म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात काठी, आणि पुढचं पाऊल बघून टाकायचं.

साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका आणि देवऋषीकडं वेळ घालवू नका. चावलेला अवयव न हलवता १०८ ला फोन, आणि जवळचं सरकारी रुग्णालय. सर्पविषावरचं औषध तिथं मिळतं.

आणि मगर?

कृष्णा आणि वारणेच्या पात्रात मगरी आहेत, पुराच्या पाण्याबरोबर त्या आडवाटेला येतात. आमच्या पाणथळात मी स्वतः बघितलेली नाही. तरीही नदीच्या बाजूच्या खोल पाण्यात कुणीही उतरू नये, कपडे धुवायला तर नाहीच. दिसली तर दगड मारू नका, गर्दी करू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरावर कळवा. आपण येण्याच्या कितीतरी आधीपासून ती या नदीची रहिवासी आहे.

पाणथळामुळं डास आणि डेंग्यू वाढतो ना?

हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी येतो. डेंग्यू पसरवणारा डास घराजवळच्या साठलेल्या पाण्यात वाढतो: न झाकलेली टाकी, टायर, कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे. मासे, बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या जिवंत पाणथळात डासाच्या अळीला फार दिवस मिळत नाहीत. चतुराची अळी पाण्यात डासाच्या अळ्या खाते आणि मोठा झाल्यावर तो हवेतले डास खातो. गटाराचं पाणी सोडून पाणथळ सडवलं तर मात्र मासे मरतात आणि डास राहतात. आधी आपली गटारं बघूया.

केंदाळ हिरवंगार दिसतं, फुलंही सुंदर. ते काढायचं कशाला?

फुलं सुंदर आहेत हे खरं. पण केंदाळ म्हणजेच जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, शोभेची म्हणून आपल्याकडं आणली गेली. सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत यांवर ती अशी माजते की अनुकूल दिवसांत दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट. खाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. तिच्या बिया गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतात, म्हणून फुलायच्या आधी काढणं महत्त्वाचं. आम्ही दर हिवाळ्यात पंधरा-वीस जण हातानं आणि दाताळ्यानं ओढतो. काढलेलं काठावर टाकायचं नाही, लांब नेऊन खड्ड्यात कुजवायचं, चांगलं खत होतं. थोडं केंदाळ कमळपक्ष्यांच्या भागात सोडतो, ते त्यावरही वावरतात. पूर्ण उच्चाटन आमच्या ताकदीबाहेर आहे. वरून मैलापाणी येतंय तोवर हे काम संपणार नाही.

शेजारच्या शेतकऱ्यांचं नुकसान होत नाही का?

होतं, आणि ते लपवून चालणार नाही. जांभळी पाणकोंबडी भाताचे कोंब खाते. पाणथळाला लागून असलेल्या वाफ्यांत ओल जास्त राहते.

पण एक गल्लत दूर करायला हवी. शिरोळ भागात जी चिबड आणि क्षारपड जमीन झाली, ती पक्ष्यांच्या पाणथळामुळं झालेली नाही. उसाला वर्षानुवर्षं पाटानं भरमसाट पाणी, काळी भारी जमीन आणि निचऱ्याची सोय नाही, यामुळं जमिनीखालचं पाणी वर आलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. त्यावर उपाय जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचा, पाणी मोजून देण्याचा. तो शेतकऱ्यानं जरूर करावा, माझ्याही घरची तशी जमीन आहे. मूळचं पाणथळ बुजवून मात्र कुणाच्या वाफ्यातला क्षार कमी होत नाही. उलट पुराचं पाणी बसायची जागा गेली की ते शेजारच्या उसात जाऊन बसतं.

सुशोभीकरण का करत नाही? खोलीकरण, दगडी पिचिंग, चालायचा ट्रॅक?

एकदा झालं होतं. आमच्या पाणथळाचा एक कोपरा एका योजनेत जेसीबी लावून खोल केला, काठ उभा कापला. लोकांचा हेतू चांगला होता, पाणी जास्त साठावं हाच. पाणी साठलंही. पण पुढच्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यात एकही शेकाट्या आला नाही, तुतवार आला नाही. त्यांना हवं ते घोटाभर पाणी आणि उतरता चिखल, तोच नाहीसा झाला होता. दोन पाणकावळे आणि खूप सारं केंदाळ, एवढंच उरलं. सहा वर्षं झाली, पुरानं गाळ आणून आता कुठं एका बाजूला उतार तयार होतोय.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: गाळ काढायचाच असेल तर मधला काढा, काठाला हात लावू नका.

कायद्यानं संरक्षण आहे का?

केंद्राचे पाणथळ जागांचे संवर्धन व व्यवस्थापन नियम २०१७ चे आहेत. अधिसूचित पाणथळात भराव, बांधकाम, कचरा आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना बंदी आहे. पण त्यात नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय धरलेले नाहीत, त्यामुळं आपल्याकडची कितीतरी पाणवठ्याची ठिकाणं बाहेर राहतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत महाराष्ट्रातून नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी आहेत. कोल्हापुरातलं एकही नाही. गावच्या पातळीवर ग्रामसभेचा ठराव आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीची नोंदवही ही हातातली साधनं, ती वापरा.

येताना काय आणावं, काय टाळावं?

मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, साधी दुर्बीण. ड्रोन नको, स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावणं नको, कुत्रा नको. पाव-चपाती टाकू नका. लहान मुलांना जरूर आणा, फक्त हात धरून. मुलं मोठ्यांपेक्षा आधी पक्षी शोधतात.

उन्हाळ्यात सगळं आटतं. मग आतले जीव मरतात का?

काही मरतात. एप्रिलमध्ये पाणी मधल्या दोन-तीन डबक्यांत जमा होतं, मासेही तिथंच कोंडले जातात, आणि बगळे, शराटी, करकोचे यांची अशी झुंबड उडते की वर्षभरात तेवढे पक्षी एका जागी कधी दिसत नाहीत. मरळ मात्र तग धरते. ती वरची हवा घेऊ शकते, त्यामुळं ओल्या चिखलात रुतून काही काळ काढते. गोगलगायी शंखाचं दार लावून घेतात. बेडूक भेगांमधून खाली सरकतात. कमळाचं बी तर विलक्षणच, चीनमध्ये एका जुन्या तळ्याच्या गाळातलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बी रुजवलं गेलं आहे.

त्याच सुमाराला टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते. माझी आज्जी सांगायची, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस मोप. मी काही वर्षं वहीत लिहून बघितलं, ताळा जमला नाही. तरी मे महिन्यात तिची अंडी कुठं आहेत हे मी बघतोच.

मेच्या अखेरीस या. जमीन हातभर भेगाळलेली असते, पाणी कुठंच नसतं, वर शुकशुकाट. एखाद्या भेगेपाशी वाकून बघितलं तर आतून गार ओलसर वास येतो, आणि कधी कधी खाली दोन डोळे चमकतात.